एर्सिलियाबाई जर्मनमध्ये मरायच्या

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. त्या आठवड्यातून एकदा तरी मरायच्या. कधी क्षयाने, कधी विष घेऊन, कधी प्रियकराच्या सुरीने. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन जिन्यात भेटल्या की मी विचारायची, "काल कसं झालं?" गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करत त्या म्हणायच्या, "हो, हो. छान मेले."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे त्यांच्या आवाजाबद्दल माझ्याकडून कुणी काही अपेक्षा ठेवायला नको. गाण्याचा नाद आमच्या ह्यांना. पुण्यात होते तेव्हा कुठे कुणाची बैठक आहे म्हटलं की जेवण टाकून पळायचे. मी आपली घरात बसून म्हणायची, सगळेच तानसेन झाले तर ऐकायचं कुणी, एखादा कानसेन पाहिजेच. जर्मनीत आल्यावर ह्यांना वाटलं होतं, आता हा नाद सुटणार. आणि राहायला जागा मिळाली ती नेमकी एका गाणाऱ्या बाईच्या डोक्यावर.

छप्पन साल असेल. र्‍हाइनकाठचं गाव, कोलोनपासून गाडीने तासाभरावर. ह्यांची पोलादावरची डॉक्टरेट तिथल्या संस्थेत चालली होती आणि मी मागाहून गेले होते. घर फ्राउ क्रॉइट्स नावाच्या विधवा बाईंचं. घराची एक भिंत नवी, बाकीच्या तीन लढाईच्या आधीच्या. तळमजल्यावर घरमालकीण, मधे एर्सिलियाबाई, वर आम्ही. एर्सिलियाबाई इटलीच्या. गावात नगरपालिकेचं थिएटर होतं, तिथे त्या ऑपेराच्या कंपनीत नोकरीला होत्या. हो, नोकरीलाच. महिन्याचा पगार, सुटी, आजारपणाची रजा, सगळं रीतसर. ऑपेरातली नायिका म्हणजे हिरेमाणकांत लोळणारी कुणीतरी असेल अशी माझी समजूत. ह्या बाई पोस्टातल्या बाईसारख्या रोज सकाळी डबा घेऊन तालमीला जायच्या.

आमची ओळख झाली ती लसणावरून. मी आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात डाळीला लसणाची फोडणी दिली. फ्राउ क्रॉइट्स तरातरा वर आल्या, नाक दाबून. खिडक्या उघडा म्हणाल्या, पडदे खराब होतील म्हणाल्या, आणखीही पुष्कळ म्हणाल्या. मला तेव्हा जर्मन येत नव्हतं ते एका अर्थी बरंच होतं. त्यांच्या मागोमाग जिन्यात एक बुटकी, रुंद खांद्यांची, पन्नाशीकडे झुकलेली बाई येऊन उभी राहिली. तिने डोळे मिटले आणि श्वास आत घेतला. मग घरमालकिणीला बाजूला सारून सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली, पातेल्यात डोकावली, आणि एक वाटी पुढे केली. ती वाटी मी नंतर कितीदा भरली असेल, देव जाणे. फ्राउ क्रॉइट्सही पुढे सरावल्या. न सरावून करतात काय, दोघी भाडेकरणी लसूणवाल्या.

बाई दिसायला अगदी साध्या. हसायच्या कमी. वाऱ्याला मात्र वाघाला भ्यावं तशा भ्यायच्या. खोलीत समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की आधी एक बंद करायच्या, मग नमस्कार. खेळाच्या दिवशी सकाळपासून कडकडीत मौन. त्या दिवशी गळ्यात राखाडी रुमाल असायचा. तो दिसला की काही विचारायचं नाही असा दंडक. एकदा राखाडी रुमालाच्या दिवशी त्यांच्या खोलीत धूर झाला, शेगडीवर काहीतरी लागलं होतं. त्या वर आल्या, माझा हात धरून मला खाली नेलं आणि धूर दाखवला. ओरडल्या नाहीत. मी म्हटलं, बाई, घर जळालं असतं. त्यांनी गळ्याकडे बोट केलं आणि खांदे उडवले.

त्यांचं जर्मन हा एक वेगळाच प्रकार होता. तेव्हा तिथे गावोगावच्या थिएटरात सगळं जर्मनमध्ये गायचं अशी रीत होती. ऑपेरा इटलीचा असो नाहीतर रशियाचा, भाषांतर करून जर्मन. प्रेक्षकांना कळायला पाहिजे ना. त्यामुळे ज्या भूमिका एर्सिलियाबाई लहानपणापासून आपल्या भाषेत घोकून आल्या होत्या, त्याच इथे येऊन जर्मनमध्ये पुन्हा घोकाव्या लागल्या. घोकून घ्यायला फ्राउ क्रॉइट्स. त्या जिन्याच्या पायरीवर विणकाम घेऊन बसायच्या आणि वरून गाणं आलं की सुया न थांबवता म्हणायच्या, "नाइन", म्हणजे नाही, "परत." एर्सिलियाबाई परत. भाषा शिकल्या ती अशी, गाण्यातून. आमच्या जुन्या संगीत नाटकांत राजकन्या बोलतात तशी. खाटकाच्या दुकानात त्या म्हणत, ते आपल्याकडे करायचं तर असं होईल: "हे सद्गृहस्था, मज दीनेवरी दया करी, आणि अर्धा किलो खिमा देई." खाटीक टोपी काढायचा. त्याच्या दुकानात त्यांना कधी रांगेत उभं राहावं लागलं नाही. पुढे पुढे बोलीभाषाही आली, 'तर मग'साठी आल्झो आणि 'अगदी बरोबर'साठी गेनाऊ तोंडात बसलं, पण राग आला की पुन्हा राजकन्या.

पहिल्यांदा त्यांना मरताना पाहिलं ते मी विसरणार नाही. ह्यांनी ओढूनच नेलं होतं. नाटकाचं नाव मला तेव्हाही लक्षात राहिलं नाही. क्षय झालेली एक बाई असते, तिचा प्रियकर फार उशिरा परत येतो आणि ती त्याच्या हातात जाते. पहिले दोन अंक मला किंचाळणं वाटलं, खरं सांगते. शेवटच्या अंकात मात्र पुढच्या रांगेतले धिप्पाड जर्मन पुरुष नाक शिंकरायला लागले. माझेही डोळे भरून आले. खेळ संपल्यावर आम्ही मागे भेटायला गेलो, तर बाई रंग न पुसता उकडलेले बटाटे खात बसल्या होत्या. माझे डोळे पाहून म्हणाल्या, "तू रडलीस? चांगलं. तिकीट काढलं त्याने रडायचं."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी रडले तर गळा बंद होतो. गळा बंद झाला तर गाणार कोण?" त्यांनी बटाट्यावर मीठ टाकलं. "माझी शिकवणारी बाई कडक होती. डोळ्यांत पाणी आलं की धडा बंद. इतक्या वर्षांत डोळ्यांना आता तशी सवयच नाही राहिली."

मला वाटलं, बाई बोलायचं म्हणून बोलतायत. पण ते खरं होतं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही.

माझे वडील गेले ते मला पत्रानेच कळलं. पत्र हातात पडलं तोवर तिकडे तेरावाही होऊन गेला होता. मी पत्र वाचलं आणि कुकर नसलेल्या त्या काळात डाळ किती वेळ शिजत पडलीय याचा विचार करत बसले. काय करायचं तेच कळेना. आंघोळ करायची असते एवढं आठवत होतं, पण बंब तापवायचा वार शनिवार आणि तो होता मंगळवार. एर्सिलियाबाई वाटी घेऊन आल्या. काय झालं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली, माझ्यासमोरचे बटाटे ओढून घेतले आणि सोलायला लागल्या. सगळे सोलून झाल्यावर म्हणाल्या, "तू तरी रड. तुला उद्या गायचं नाहीये."

मला रडू आलं नाही. मग त्यांनीच फ्राउ क्रॉइट्सना सांगून बंब पेटवायला लावला, मंगळवारी.

त्यांच्या घरची गोष्ट त्यांनी मला त्या हिवाळ्यात सांगितली. आवाज न चढवता, चेस्टनट सोलता सोलता. समुद्रकाठचं त्यांचं गाव. लढाईच्या शेवटी शेवटी त्यांच्या भावाला जर्मन शिपायांनी गावच्या चौकात गोळी घातली. धाकटा होता. आईने बघितलं. लढाई संपली, आणि काही वर्षांनी एर्सिलियाबाईंना जर्मनीत नोकरी चालून आली.

"आणि तुम्ही आलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आमच्याकडे गाणाऱ्या बाया रस्त्यात सांडल्यात. इथे काम होतं." त्यांनी सालं एका बाजूला लोटली. "निघताना आईने एकच विचारलं. म्हणाली, त्यांच्या भाषेत गाशील? मी म्हटलं, गावं लागेल. म्हणाली, मग मला ऐकवू नकोस."

आई पुढे त्यांच्याशी कधी बोलली नाही. आई वारली तेव्हा एर्सिलियाबाई गेल्या नाहीत. त्या दिवशी राखाडी रुमाल होता. आता तिकडे एक बहीण होती, नुन्झिया. ती म्हणायची, ये आता परत, पुरे झालं. पण बाईंचं एक ठरलेलं होतं. ते त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. "एकदा ह्या जर्मनांच्या नाकावर टिच्चून, ह्यांच्याच थिएटरात, मी आमच्या भाषेत मरणार. मग घरी जाईन. आईच्या थडग्यापाशी उभं राहायचं तर सांगायला काहीतरी पाहिजे ना."

दरवर्षी त्या थिएटरच्या साहेबांकडे जाऊन हे मागायच्या. तिथे त्यांना इंटेंडांट म्हणतात. गृहस्थ सभ्य होते. हात हातात घेऊन म्हणायचे, पुढच्या हंगामात बघू. आपल्याकडे कचेऱ्यांतून ऐकायला मिळतं तेच. बाई परत यायच्या, खिडकी बंद करायच्या आणि बटाटे उकडायला ठेवायच्या.

दरम्यान आमची नीला झाली, मोठी झाली, बालवाडीत जायला लागली. मी मराठीत विचारावं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं, हे सुरू झालं. माझा संताप व्हायचा. एकदा एर्सिलियाबाईंच्या देखत मी तिला दटावलं, आधी मराठीत बोल, मग बिस्कीट. बाईंनी तिला बिस्कीट देऊन टाकलं.

"सोड तिला," मला म्हणाल्या. "भाषा कुत्र्यासारखी असते. जो खायला घालतो त्याच्यामागे जाते."

"मग तुमची?"

"माझी?" त्या चक्क हसल्या. "माझी दारात बसून आहे. मी बोलवायची खोटी."

आणि बोलवायची वेळ आली एकदाची. बाईंचं वय झालं होतं, वरचे सूर कसनुसे व्हायला लागले होते, असं हे म्हणायचे. थिएटरने करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. इंटेंडांट स्वतः घरी आले, फुलं घेऊन. निरोपाचा एक खेळ करू म्हणाले, तुम्हाला काय हवं ते मागा. बाईंनी तेच मागितलं. त्या क्षयवाल्या बाईची भूमिका, इटालियनमध्ये. बाकीचे नेहमीसारखे जर्मनमध्ये गातील, त्या एकट्या आपल्या भाषेत. तशी पद्धत होती तिकडे, बाहेरगावचा पाहुणा गायक आला की असं चालायचं. पाहुणीचा मान मिळायला त्यांना नोकरी जावी लागली. साहेब हो म्हणाले.

बाईंनी नुन्झियाला कळवून टाकलं, खेळ झाला की मी येते. माळ्यावरची पेटी खाली आणली. भांडी फ्राउ क्रॉइट्सना, शेगडी मला. महिनाभर खालून इटालियन गाणं यायचं. हे जमिनीवर कान लावून पालथे पडायचे. "अगं, ही वेगळीच बाई गातेय," म्हणायचे. फ्राउ क्रॉइट्स सवयीने जिन्यात येऊन बसायच्या, पण आता त्यांना सुधारायला काही नव्हतं. नुसत्या विणत बसायच्या.

खेळाच्या दिवशी थिएटर गच्च भरलं होतं. खाटीकसुद्धा काळा कोट घालून आला होता. आम्हाला बाईंनी पुढची तिकिटं दिली होती. पहिला अंक, दुसरा अंक, इटालियन. मला अक्षर कळलं नाही. बाकीचे जर्मनमध्ये विचारतायत, बाई इटालियनमध्ये उत्तर देतायत, आणि सगळं सुरळीत चाललंय. मला आमच्या घरातल्यासारखंच वाटलं. हे नुसते मान हलवत होते.

मग शेवटचा अंक. पलंग, औषधाच्या बाटल्या, खिडकी. बाई पलंगावर पडून गात होत्या आणि मला सगळं कळायला लागलं. म्हणजे अगदी कळायला लागलं. आज तिला बरं वाटतंय, तिला उठून बसायचंय, दारात कुणीतरी आलंय, पडदा सरकवा म्हणतेय. मला वाटलं, याला गाणं म्हणतात, माझ्यासारख्या दगडालासुद्धा न येणारी भाषा कळतेय. मी ह्यांच्याकडे वळून बघितलं. हे खाली मान घालून स्वतःच्या हातांकडे बघत होते.

टाळ्या किती वेळ चालल्या! लोक उभे राहिले. फ्राउ क्रॉइट्स रडत होत्या. आम्ही दोघं मागे गेलो. बाई आरशासमोर बसल्या होत्या, चेहऱ्यावर अजून मेलेल्या बाईचा रंग. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"आल्झो, सुमन? गाण्यातलं तुला काही कळत नाही, म्हणून तुला विचारते. ऐकलीस माझी भाषा? काही समजलं?"

"सुरुवातीला नाही," मी म्हटलं. "पण शेवटी शब्द न् शब्द समजला."

त्यांनी हात सोडले नाहीत.

"कुठपासून?" त्यांनी विचारलं.

"पलंगावर होतात तिथपासून."

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत हळूच म्हणाले, "अगं, त्या जर्मनमध्ये गायल्या." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ वर्षं तिथे काढल्यावर जर्मन कानावर पडलं तर ते जर्मन आहे हे वेगळं कळत नसे, नुसता अर्थ कळे. आणि त्यांचंही तसंच झालं होतं. ते मरण त्या इतकी वर्षं जर्मनमध्ये मरत आल्या होत्या. पलंगावर पाठ टेकली आणि तोंड आपलं आपण चालू झालं, त्यांना न विचारता.

मी काही बोलणार तोच इंटेंडांट आत आले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी वाकून बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं. म्हणाले, "शेवटी आमच्यासाठी तुम्ही आमच्या भाषेकडे वळलात. हा तुमचा मोठेपणा. हे गाव कधी विसरणार नाही." सगळ्या प्रेक्षकांनी तसंच धरलं होतं, निरोपाची भेट म्हणून. टाळ्या त्याच्याच होत्या.

"डांके," एर्सिलियाबाईंनी जर्मनमध्ये आभार मानले. मग कापूस घेऊन चेहरा पुसायला लागल्या. आधी एक गाल, मग दुसरा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आम्ही निघालो.

पेटी पुन्हा माळ्यावर गेली. कधी, ते आम्हाला कळलं नाही. शेगडी परत द्यायला मी गेले तर त्यांनी ती मुकाट्याने घेतली आणि जागेवर ठेवली. नुन्झियाचं काय, मी विचारलं. "प्रवासाचं बघू," म्हणाल्या. रुमाल बांधणं बंद झालं, आता मौनाची गरज नव्हती, पण बोलणंही फारसं राहिलं नाही. मी लसूण नेऊन द्यायची, त्या घ्यायच्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला नुसतं थंड वाटायचं, पाण्यात फार वेळ हात राहिल्यावर बोटांना वाटतं तसं. पुढे ह्यांना कोलोनला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं आणि आम्ही ते घर सोडलं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. कोलोनच्या मोठ्या स्टेशनात, रविवारी सकाळी. तेव्हा इटलीहून कारखान्यांत कामाला आलेले लोक रविवारी स्टेशनात जमायचे. जायचं कुठेच नसायचं. इस्त्रीचे कपडे घालून उभे राहायचे, गावाकडच्या गाड्या बघायचे आणि बोलायचे. त्यांच्या घोळक्याच्या जरा अलीकडे एका बाकाशी एर्सिलियाबाई उभ्या होत्या. चांगला कोट, हातात पर्स. गाडीची वाट बघत असल्यासारख्या, पण पाठ गाड्यांकडे.

मी पुढे होणार होते. हे म्हणाले, "थांब जरा."

बाकावरच्या एका म्हाताऱ्या कामगाराने त्यांना पाहिलं, टोपी काढली आणि सरकून जागा केली. त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला, बसा म्हणाला असेल. बाईंचं तोंड उघडलं, थोडा वेळ उघडंच राहिलं. मग त्या म्हणाल्या, "डांके श्योन." आणि बसल्या. म्हाताऱ्याला वाटलं, जर्मन बाई आहे. त्याने घसा साफ केला आणि आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, एकेक शब्द शोधत, आज थंडी बरीच आहे, नाही का, असं त्यांना विचारलं. एर्सिलियाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग सावकाश, त्याला समजेल अशा सोप्या जर्मनमध्ये, त्या म्हणाल्या की इथे अशीच असते, तुम्हाला सवय होईल.